पाच पदरी पाईप

सोयाबीनचे थ्रेशर थंडावले की शेलूबाजारात दिलावर शेखच्या दुकानातली गर्दी जरा ओसरते. दिवाळी होऊन साडेतीन आठवडे झाले होते. सोमवारी सकाळी मंगरूळपीरकडून आलेल्या जीपमधून एक बाई उतरली, हायवे ओलांडून सरळ दुकानात आली आणि तिनं पिशवीतून रबरी पाइपाचे दोन तुकडे काढून काउंटरवर ठेवले. एक जुना, काळाकुट्ट, वीतभर लांबीचा. दुसरा कोरा करकरीत, आतून तारेचे वेढे असलेला.

"चाचा, हा जुना काढला अन् हा नवा बसवाचा हाये," ती म्हणाली. "बरोबर हाये का नाई, तेवढं सांगा."

दिलावरनं चष्मा कपाळावरून खाली घेतला. पस्तीस वर्षं तो हाच धंदा करत होता. ट्रॅक्टरचे हायड्रॉलिक पाईप, रेडिएटरचे होज, मोटरपंपाचे सक्शन पाईप, पट्टे. दुकानाच्या मागच्या खोलीत लोखंड कातायचं एक जुनं लेथ होतं आणि ते गेली चार वर्षं त्याची मुलगी उमेरा चालवत होती. वाशीमला मेकॅनिकलचा डिप्लोमा करून ती परत आली, तेव्हा गिऱ्हाइकं आधी "अब्बा कुठं हायेत?" असं विचारायची. आता निम्मी गिऱ्हाइकं तिलाच विचारत. उरलेली निम्मी अब्बांना विचारून नंतर तिच्याकडे येत.

"कशाचा हाये?" दिलावरनं विचारलं. "थ्रेशरचा तं नाई वाटत."

"बोटीचा."

दिलावरला वाटलं, आपल्याला कमी ऐकू येतंय. "कशाचा?"

"बोटीचा, चाचा. शिडाच्या बोटीचा. समुद्रातल्या."

आतून लेथचा आवाज थांबला. हात पुसत उमेरा बाहेर आली.

बाईचं नाव रेणू. मानोऱ्याजवळच्या एका तांड्यावरची सून. तिचा सासरा किसनसिंग ट्रॅक्टरचे पाईप याच दुकानातून नेत असे, म्हणून दुकान तिला माहीत होतं. तांड्यावरची बहुतेक माणसं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. रेणू आणि तिचा नवरा धनराज मात्र सहा वर्षांपूर्वी बांधकामाच्या कामावर म्हणून रत्नागिरीकडे गेले आणि खाडीकाठच्या बोटी दुरुस्त करायच्या एका वर्कशॉपमध्ये टिकले. धनराज वेल्डिंग करायचा. रेणू सुरुवातीला बोटींचे तळ घासायची. पण तिचे हात आणि नजर दोन्ही तेज होते. बोटीच्या पोटात, जिथं मोठ्या माणसाचे खांदे जात नाहीत, तिथं ती सहज शिरायची, आणि काय सैल झालंय, काय कुजलंय ते हात लावून ओळखायची. आता ती एकटीच नणंदेच्या लग्नाला आली होती, बोटीच्या कामापायी धनराजला तिथंच थांबावं लागलं होतं. लग्न बुधवारी होतं. शनिवारी बोट पाण्यात उतरायची होती.

"शनिवारीच काहून?" उमेरानं विचारलं.

"अमावस्या हाये. त्या दिवशी भरतीचं पानी लय वर येते. आमची बोट जडशीळ, उताराच्या पार वरच्या टोकाले उभी हाये. शनिवारचं पानी गेलं का पुन्हा पंधरा दिवस थांबावं लागते. अन् मॅडमची शिकवनी सोमवारपासून चालू होते."

मॅडम म्हणजे बोटीची मालकीण. त्या मुलांना शिडाची बोट चालवायला शिकवत. बोटीचा अस्सल पाईप त्यांनी परदेशातून मागवला होता, पण तो यायला आणखी तीन आठवडे लागणार होते. तोवर जवळच्या बंदरातल्या एका दुकानदारानं हा तारेचा पाईप दिला. सगळ्यात मजबूत हाच, असं सांगून दिला. रेणूला ते पटलं नव्हतं. का पटलं नाही, हे तिला नीट सांगता येत नव्हतं. म्हणून तिनं तुकडा कापून बरोबर आणला होता.

दिलावरनं तारेचा पाईप हातात घेऊन दाबला. तो दबेना. "अरे, हा तं उमदा माल हाये. याच्यावरून टँकर गेला तरी याले काई होनार नाई. बसवून टाक बेटा, बिनधास."

"थांबा, अब्बा," उमेरा म्हणाली. तिनं जुना तुकडा उचलला, उलटा केला. खालच्या अंगाला बारीक बारीक चिरा होत्या, वाळलेल्या तळ्यासारख्या. "रेणूवयनी, हा पाईप तिथं काय काम करते, ते सांगा आधी. पार पहिल्यापासून."

रेणूनं काउंटरवरची दोन बोल्टं आणि एक वॉशर पुढं ओढलं. "हे पाहा. इंजिन बोटीच्या आत, पंखा भाईर पान्यात. मंधात शाफ्ट. बोटीच्या बुडातून एक पाईप भाईर काढेल हाये, पितळी, पक्का बसवेल. त्याच्यातून शाफ्ट जाते. आता शाफ्टच्या बाजूनं पानी आत येईन का नाई? म्हनून ते अडवाले आतल्या अंगाले ग्लँड हाये. त्याच्यात शाफ्टभोवती सुताची डोरी ठासून भरतात."

"मोटरपंपाच्या ग्लँडसारखी?"

"हुबेहूब. अन् पितळी पाईप अन् ग्लँड यायले जोडते तो हा रबरी पाईप. हा पान्याच्या लायनीखाली हाये, ताई. हा फाटला तं बोट बुडते. अर्धा घंटा लागत नाई."

दिलावरनं तारेचा पाईप खाली ठेवला. उमेरानं स्टूल ओढून घेतलं.

"म्हनजे याच्यात दाब नाई," ती हळूहळू बोलत होती, जणू स्वतःशीच. "दोन-अडीच फूट पान्याचा तेवढा दाब. तेवढा तं ड्रममध्ये असते. टँकर अंगावरून जायाचा सवालच नाई. मंग याच्यावर जोर कशाचा येते?"

"इंजिन हालते तं तो हालते."

"ते झालं. पन ग्लँडची डोरी सुकली, गरम झाली, तं ती शाफ्टले धरून बसते का नाई? आपल्या पंपात होते तसं?"

"होते. एक डाव झालतं दुसऱ्या बोटीत."

"मंग शाफ्ट फिरते, त्याच्यासंगं ग्लँड फिराले पाहाते, अन् पितळी पाईप तं बुडाले पक्का हाये." उमेरानं दोन्ही हातांनी जुना तुकडा धुतलेल्या लुगड्यासारखा पिळून दाखवला. "सगळा पीळ याच्यावर. अब्बा, याले दाब सोसाचा नाई. पीळ सोसाचा हाये."

"तारेचा पाईप पिळतच नाई," दिलावर म्हणाला. "मंग चांगलाच हाये की."

"नाई पिळत. पन त्याची क्लिप पाहा कशी बसते. खाली-वर, खाली-वर, तारेच्या वेढ्यायवर. अन् हे टोक पाहा. कापलं का तार उघडी पडली. खारं पानी हाये तिथं. तार आतल्या आत गंजन, वरतून रबर चकचकीत दिसन, अन् एक दिवस..."

"पस्तीस वर्षं पाईप इकून राह्यलो मी, बेटा," दिलावर म्हणाला. तो रागावला नव्हता, पण आवाज चढला होता. "तारेच्या पाइपाची तक्रार घेऊन एक मानूस परत आला नाई आजपरेंत."

"खाऱ्या पान्यातला एकतरी आला होता का?"

रेणूला हसू आलं, पण तिनं ते पदराआड दाबलं.

"बोलून काय होते," उमेरा उठली. "लेथवर लावून पाहू."

मागच्या खोलीत तिनं अंदाजानं पावणेदोन इंची लोखंडी पाइपाचे दोन तुकडे शोधले. एक लेथच्या चकमध्ये पकडला, त्याचं तोंड बूच मारून बंद केलं. दुसरा समोरच्या बाजूला शिकंज्यात घट्ट आवळला. म्हणजे एक झाला ग्लँड, दुसरा बोटीचा पितळी पाईप. दोघांच्या मधे रबरी पाईप बसवायचा. शिकंज्यातल्या पाइपाला मागून बारीक नळी जोडून ती अडीच फूट उंच टांगलेल्या बादलीत सोडली, म्हणजे जोडात पाणी राहील आणि गळलं तर दिसेल. लेथ चालू करायचं नव्हतं. चकवर दोन फुटांचा दांडा बांधला. दांड्याच्या टोकाला वजनं टांगायची आणि पीळ कोण किती सोसतं ते बघायचं.

"आपल्या फळीवरचा तारेचा घे," दिलावरनं बजावलं. "बरोबर मापाचा. नाईतर म्हनशीन, माप मोठं होतं म्हनून हारला."

"तोच घेतला, अब्बा."

आधी रेडिएटरचा होज लावला. पाच किलोलाच त्याची कंबर वळली. दहा किलोला तो मधोमध चिमटला आणि क्लिपखालून पाण्याची धार लागली. यावर कोणाचंच दुमत नव्हतं. तो बाजूला टाकला.

मग तारेचा. पाच किलो, काही नाही. दहा किलो, काही नाही. दिलावरनं रेणूकडे बघून मान डोलावली. पंधराव्या किलोला काहीतरी किर्रर्र वाजलं. पाईप पिळला नाही, पण लोखंडी पाइपावर क्लिपखालच्या खालीच फिरला, आणि पाणी चारी अंगांनी उडालं. दिलावरचा सदरा भिजला.

"क्लिप ढिली हाये," तो म्हणाला. पाना घेऊन त्यानं स्वतः क्लिप आवळली, अगदी ओठ चावून आवळली. पुन्हा पंधरा किलो. पुन्हा पाणी. तारेच्या वेढ्यांमधल्या खाचांतून ते वाट काढत होतं. कितीही आवळली तरी क्लिप वेढ्यांच्या माथ्यावरच बसत होती.

शेवटी उमेरानं वरच्या फळीवरून एक जाड पाईप उतरवला. आत तार नाही, कापडाचे पाच पदर आणि त्यांच्या मधे रबर. बोटाच्या निम्म्या जाडीची भिंत. अकोल्याहून दाळमिलसाठी मागवलेला होता. तो लोखंडी पाइपावर चढता चढेना. साबणाचं पाणी लावून, दोघींनी मिळून रेटून तो बसवला. दहा किलो, पंधरा किलो, वीस किलो. पाईप वळला, चार बोटं वळला, आणि थांबला. उमेरा वाकून दोन्ही टोकांखाली हात फिरवून आली. हात कोरडा होता. वजनं काढली तसा पाईप सावकाश आपल्या जागी परत आला.

दिलावरनं त्या पाइपावरून एकदा हात फिरवला. मग ओल्या सदऱ्यानिशी बाहेर गेला. उमेराला वाटलं, रुसले. पण तो एक चुंबक घेऊन परत आला.

"पाईप तुहा बरोबर," तो म्हणाला. "पन तुही क्लिप चुकीची. आन इकडे."

त्यानं चकवरची क्लिप काढून चुंबक तिच्या पट्टीला लावला. चिकटला नाही. स्क्रूला लावला. टच्चकन चिकटला.

"पट्टी स्टीलची अन् स्क्रू लोखंडाचा. दहामधल्या नऊ क्लिपा अशाच येतात. आपल्या गावात चालून जाते. खाऱ्या पान्यात दोन महिन्यांत स्क्रू गंजून तुटन, अन् मंग पाच पदर असो का पंधरा, काय कामाचे?" मग त्यानं गल्ल्याखालच्या कप्प्यातून पुठ्ठ्याचा एक डबा काढला. "हे दूध डेरीवाल्यायसाठी आनलं होतं. सगळं स्टील. पट्टीले आरपार खाचाबी नाईत, म्हनून रबर कापत नाई. दोन्ही टोकायले दोन-दोन लावजो, बेटा. एक तुटली तं दुसरी धरते."

"जुन्याले एक-एकच होती, चाचा," रेणू म्हणाली.

"म्हनून तं तुमी इथं आल्या," दिलावर म्हणाला. आता तोही हसला.

राहिलं माप. रेणूनं जुन्या तुकड्याकडे बोट दाखवलं. उमेरानं व्हर्नियर लावलं. आतला व्यास साडेसेहेचाळीस मिलिमीटर आला. तिनं मान हलवली.

"याच्यावर भरोसा नाई. दहा-बारा वर्षं तेलापान्यात राहून रबर फुगते. पितळी पाईप फुगत नाई. त्याचं माप पाह्यजे."

रेणूनं धनराजला फोन लावला. तो त्या वेळी बोटीखालीच उभा होता. "आत जाऊन पितळी पाईप मोज," रेणूनं सांगितलं. "भाईरून मोज. तीन जागी मोज. अन् ग्लँडचं तोंडबी मोज."

"अगं, जुना तुकडा तुह्याजवळच हाये ना? त्याच्यावरून घे ना."

"तो फुगला हाये. तू जा आत."

दहा मिनिटांनी धनराजचा फोन आला, धापा टाकत. पितळी पाईप साडेचव्वेचाळीस, तिन्ही जागी. ग्लँडचं तोंडही तेवढंच, केसभर कमी. पितळी पाईप बुडापासून आत किती लांब येतो, तेही उमेरानं विचारून घेतलं. दोन क्लिपा बसायला जागा पुरत होती.

"साडेचव्वेचाळीस म्हनजे पावनेदोन इंच," उमेरा म्हणाली. "जुन्या तुकड्यावरून घेतला असता तं दोन मिलिमीटर ढिला आला असता. क्लिप आवळून आवळून बसवला असता अन् चुन्या पडल्या असत्या. तिथूनच गळला असता. अन् हा तुमचा बंदरातला तारेचा," तिनं तोही मोजला, "अठ्ठेचाळीस."

"मले वाटतच होतं," रेणू म्हणाली.

"इंजिनाखाली डिझल सांडते?"

"थोडंफार सांडतेच."

"मंग हाच. याचं वरचं रबर तेलाले दाद देत नाई."

पाईप जेमतेम दोन फूट उरला होता आणि दाळमिलवाल्याला शब्द दिलेला होता. दिलावरनं दाळमिलवाल्याला तिथल्या तिथं फोन करून सांगितलं, तुमचा परवा अकोल्याहून येईन, आज एका बोटीले देऊन राह्यलो. पलीकडून काहीतरी विचारणा झाली असावी. "बोट, बोट," दिलावर मोठ्यानं म्हणाला. "पान्यातली!" आणि ऐटीत फोन ठेवला.

उमेरानं पाईप लेथवर सरळ कापला, टोकं घासून गुळगुळीत केली. निघताना तिनं रेणूला पांढऱ्या ऑइलपेंटची छोटी डबी दिली.

"बसवून झाला का याच्यावर या टोकापासून त्या टोकापरेंत एक सरळ लाईन मारजा, वयनी. पाईप पिळला तं लाईन तिरपी होईन. अंधारातबी दिसन."

बुधवारी नणंदेचं लग्न झालं. रेणू लग्नात नाचली, सासू धुरपताबाईबरोबर पाहुण्यांची उष्टी उचलली आणि गुरुवारी दुपारी वाशीमहून पुण्याची ट्रॅव्हल्स पकडून पुढं एसटीनं कोकणात उतरली. शुक्रवारी तिनं आणि धनराजनं शाफ्टचा जोड उघडून नवा पाईप बसवला. चार क्लिपा, स्क्रू एकमेकांच्या विरुद्ध अंगांना. वर पांढरी रेघ. मॅडमनी टॉर्च घेऊन ते सगळं पाहिलं, तारेचा तुकडा आणि हा तुकडा शेजारी धरून पाहिला आणि विचारलं, "हा कुठून आणलास?"

"गावाकडून," रेणू म्हणाली.

"तुझ्या गावाकडे समुद्र आहे का?"

"नाई. पन पाईप हायेत."

शनिवारी सकाळी भरती चढली तशी बोट उतारावरून घसरत पाण्यात आली आणि अलगद तरंगली. रेणू आत, इंजिनाच्या मागच्या फटीत, पोटावर पालथी पडून होती. टॉर्चच्या उजेडात पितळी पाईप, रबरी पाईप, चार क्लिपा. एक थेंब नाही. ग्लँडमधून मात्र मिनिटाला दोन-तीन थेंब पडत होते. ते पडायलाच हवे होते. त्या पाण्यानंच डोरी थंड राहते. तिनं वर येऊन अंगठा दाखवला आणि शेलूबाजारला फोन लावून उमेराला सांगितलं, "कोरडा ठाक हाये, ताई!" तेवढ्यात बोट किनाऱ्यापासून लांब गेली आणि फोन तुटला.

चूक झाली ती यानंतर. वर्कशॉपचा एक मिस्त्री बोटीवर आला होता. नवीन कामात थेंब पडताना पाहून त्याला ते बरं वाटलं नाही. रेणू वर दोर गुंडाळत असताना त्यानं खाली जाऊन ग्लँडचा नट दोन फेरे आवळला. त्यानं ते चांगल्याच हेतूनं केलं, पण कोणाला सांगितलं नाही.

ओहोटी लागली होती. पाणी खाडीवरच्या पुलाच्या खांबांकडे ओढत होतं आणि त्याच्या उलट्या दिशेनं मॅडमनी इंजिनाला जोर दिला. पाच-सात मिनिटं झाली असतील. रेणूच्या नाकाला वास आला. करपलेल्या सुतळीसारखा. ती दोन उड्यांत खाली गेली. टॉर्च मारला. पांढरी रेघ सरळ नव्हती. एका टोकाला वर आणि दुसऱ्या टोकाला पार बाजूला गेली होती. तिनं ग्लँडला हात लावला आणि चटका बसून मागं घेतला.

"बंद करा!" ती ओरडली. "इंजिन बंद करा, मॅडम! डोरीनं शाफ्ट धरला!"

मॅडमनी काय, कसं, असं काहीही विचारलं नाही. इंजिन बंद झालं. एकदम शांतता पसरली आणि त्या शांततेत पाणी बोटीला पुलाच्या खांबांकडे नेऊ लागलं. धनराज पुढं धावला. शिडाची बोट होती ती, नुसत्या इंजिनाच्या भरवशावर थोडीच होती? मॅडमनी सुकाणू धरलं, धनराजनं पुढचं छोटं शीड सोडलं. शीड दोनदा फडफडलं आणि तिसऱ्यांदा वाऱ्यानं भरलं. बोट तिरपी होऊन खांबांपासून दूर सरकली. अंतर फार नव्हतं, पण पुरेसं होतं.

खाली रेणूनं पाना लावून नट सैल केला. आधी अर्धा फेरा, मग पूर्ण, मग आणखी एक. ग्लँड हळूच हलला, शाफ्ट सुटला आणि तिच्या डोळ्यांसमोर पांढरी रेघ फिरून सरळ झाली. तिनं चारही क्लिपांखाली हात घातला. कोरडं. पाइपावर बोटं फिरवली. चीर नाही, फोड नाही. मग ग्लँडमधून पहिला थेंब पडला, गरम. मग दुसरा.

जुना पाईप असता तर? ती चिरलेली खालची बाजू तिला आठवली. मग तिनं तो विचार सोडून दिला, कारण जुना पाईप नव्हता. वर येऊन तिनं मिस्त्रीला शोधलं.

"नट तुमी आवळला?"

"हो... थेंब पडत होते म्हणून."

"थेंब पडू द्याचे असतात, दादा. डोरी पानी पेते." तिनं त्याला हाताला धरून खाली नेलं, रेघ दाखवली, किती वळली होती ते बोटांनी मोजून दाखवलं. "पुढच्या टायमाले मले हाक मारजा. मी वरच असते."

मिस्त्री तिच्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठा होता. तो एवढंच म्हणाला, "मारीन."

तिकडे शेलूबाजारात, बोलणं तुटल्यापासून उमेरा फोन समोर ठेवून बसली होती. अकराला एक गिऱ्हाईक स्प्रेपंपाचा पाईप मागायला आलं, तर तिनं त्याला पट्टा काढून दिला. दिलावर दुकानाच्या पायरीवर येऊन हायवेकडे बघायचा आणि परत आत जायचा, जणू बोट रस्त्यानंच येणार होती. बारा वाजून गेल्यावर रेणूचा पुन्हा फोन आला. तिनं सगळं सांगितलं, करपलेल्या वासापासून पुलाच्या खांबांपर्यंत. उमेरानं स्पीकर चालू केला होता.

"किती पिळला होता, वयनी?"

"चार बोटं. अन् पाच वाटली तं पाच."

"अन् परत आला?"

"जसाच्या तसा."

उमेरानं वडिलांकडे पाहिलं. दिलावरनं फोनजवळ तोंड नेलं. "क्लिपा? क्लिपायचं काय?"

"हालल्या नाईत, चाचा. एकबी."

"मंग!" दिलावर म्हणाला, आणि शेजारच्या टपरीवरून तिघांसाठी चहा मागवला. दुकानात ते दोघंच होते, हे चहा आल्यावर त्याच्या लक्षात आलं.

डिसेंबरात मॅडमचा परदेशी पाईप आला. त्यांनी तो खोक्यातून काढून पाहिला. कापडाचे पदर, जाड भिंत, आत तार नाही. रेणूनं त्याचा फोटो उमेराला पाठवला. मॅडमनी तो पाईप सामानाच्या कपाटात ठेवून दिला आणि बोटीवर शेलूबाजारचाच राहू दिला. वर्कशॉपच्या मालकानं आणखी चार बोटींसाठी मागणी केली.

जानेवारीत उमेरा आणि दिलावर कोकणात गेले. मॅडमनीच बोलावलं होतं. दिलावर म्हणत होता, दुकान कोण पाहीन? पण बॅग त्यानंच आधी भरली. खाडीवर पोचल्यावर रेणूनं उमेराला थेट बोटीच्या पोटात नेलं. त्या फटीत दोघी शेजारी शेजारी पालथ्या पडल्या आणि बराच वेळ क्लिपांबद्दल, डोरीबद्दल, दुसऱ्या बोटींच्या शाफ्टांबद्दल बोलत राहिल्या. शेवटी धनराजनं वरून हाक मारली, की येता का बोट सोडू?

खाडीच्या तोंडाशी मॅडमनी इंजिन बंद केलं. मोठं शीड वर चढलं आणि बोट वाऱ्यावर निघाली. दिलावर आधी दोन्ही हातांनी कठडा धरून बसला होता. अर्ध्या तासानं त्यानं एक हात सोडला. तासाभरानं शिडाच्या सावलीत आडवा झाला, टोपी डोळ्यांवर ओढून. प्रवासात त्याचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. आता घोरू लागला.

"धर," मॅडम उमेराला म्हणाल्या आणि सुकाणूचा दांडा तिच्या हातात दिला. "त्या डोंगराच्या टोकाकडे नाक ठेव."

उमेरानं दांडा जरासा ओढला. बोट ऐकते की नाही, ते तिला आधी कळेना. मग बोटीचं नाक सावकाश वळलं आणि डोंगराच्या टोकाशी येऊन थांबलं. तिनं हात घट्ट केला.

"अजून थोडं डावीकडं," रेणू म्हणाली. "हां. आता असंच राहू दे, ताई."